इंदिकाच्या तीन शेपट्या

मुलुंड (पूर्व),
रविवार, १७ ऑगस्ट १९८६

प्रिय सुगंधा,

बागेत झाडांच्या पाट्या वाचत फिरणाऱ्या माणसाला एक कोडे केव्हातरी पडतेच. फक्त तो ते कोणाला विचारत नाही. आंब्याच्या खोडावरच्या पाटीत एक शब्द असतो, 'इंदिका'. पुढे तिळाच्या वाफ्यात तोच शब्द 'इंदिकुम' होऊन बसलेला असतो. आणि आपल्याकडच्या वशिंडाच्या बैलाचे शास्त्रीय नाव पाहावे, तर तिथे 'इंदिकुस'. अर्थ तिन्ही ठिकाणी एकच, हिंदुस्थानचा. मग शेवट का बदलावा? बहुतेक लोक मनात म्हणतात, रंगवणाऱ्याची चूक असेल, आणि पुढे जातात. तू पुढे गेली नाहीस. दुसऱ्या वर्षाला असताना आरे कॉलनीतल्या आपल्या पहिल्या सहलीत, सगळा वर्ग बसकडे पळत असताना, तू आंब्यापाशी थांबून मला विचारलेस, "मॅडम, ही चूक आहे की यात काहीतरी आहे?" 'यात काहीतरी आहे का' असे विचारणारा विद्यार्थी शिक्षकाला दहा वर्षांत एखादाच मिळतो. त्या दिवशी आपली बस चुकली होती, आणि पुढच्या बसची वाट पाहताना मी तुला अर्धेच उत्तर दिले होते. पूर्ण उत्तर आज देते.

त्याआधी एक काम. या पाकिटात घडी घातलेला एक फॉर्म आहे. तो बाहेर काढून बाजूला ठेव, फाडू नकोस. ऑक्टोबरच्या परीक्षेचा तो फॉर्म आहे. तुझे नाव, विषय, मागचा बैठक क्रमांक, सगळे मी भरले आहे; सही तेवढी तुझी हवी. तीस ऑगस्ट ही शेवटची तारीख. एप्रिलमध्ये तू तोंडी परीक्षेतून मधूनच उठून गेलीस, मेमध्ये कणकवलीजवळ मामांच्या गावी निघून गेलीस, आणि तुझे बी.एस्सी. त्या एका खुर्चीवर अडकून पडले. ऑक्टोबरही गेला तर तू पुन्हा येणार नाहीस, हे मला कळते. काजूच्या कारखान्यात तू जाऊ लागली आहेस, हेही कळले. माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिले नाहीस. याही पत्राला देऊ नकोस, चालेल. पण सही करायची की नाही हे ठरवण्याआधी सगळे वाच, कारण मला तुला दोन गोष्टी समजावून सांगायच्या आहेत, एक सोपी आणि एक अवघड. मी शिक्षक आहे. सोप्यापासून सुरुवात करते.

सोपी गोष्ट अशी. लॅटिनमध्ये विशेषण ज्या नामाकडे पाहुणे जाते, त्या घरचे कपडे घालते. आपल्याला यात नवल वाटायचे काहीच कारण नाही. पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरे वासरू: रंग एक, शेवट तीन. इंग्रजांच्या विशेषणाला ही सवय नाही, म्हणून त्यांच्या मुलांना हे छडी खाऊन शिकावे लागे. आपल्याला ते बोलायला लागल्यापासून येते. तरीही मी कॉलेजात असताना हे इंग्रजी पुस्तकातून पाठ केले, आणि आठ वर्षे शिकवताना पाठच म्हणून दाखवले. पांढरा, पांढरी, पांढरे हे मला आठवायला तुझा प्रश्न लागला. बैल पुल्लिंगी, म्हणून बोस इंदिकुस. आंब्याचे लॅटिन नाव मांगिफेरा, ते स्त्रीलिंगी, म्हणून इंदिका. सेसामुम हे तिळाचे नाव नपुंसकलिंगी, म्हणून इंदिकुम. इथे एकच सावधगिरी बाळगायची, आणि परीक्षेत विचारले तर नक्की सांगायची: लिंग नावाचे असते, वस्तूचे नव्हे. आपण 'तो आंबा' म्हणतो, त्यांच्याकडे ती मांगिफेरा, दोघांचेही बरोबर. चिंचेचे तर आणखी गमतीचे आहे. तामारिंदुस हा शब्द ऐकला की वाटते पुढे इंदिकुस येणार, पण येते इंदिका. पिंपळाचेही तसेच, फिकुस रेलिगिओसा. कारण रोमन लोक झाडांना, त्यांच्या नावाचा शेवट कसाही असो, बहुतेक वेळा स्त्रीलिंगीच धरत. हे सांगितल्यावर तू पटकन म्हणाली होतीस, "म्हणजे नाव पुरुषाचं, पण वागणूक बाईची. आमच्या चाळीत आहेत असे दोघं!" आणि मी वर्गात इतकी हसले होते की खडू खाली पडला. त्या हसण्याबद्दल मला कधी संकोच वाटला नाही.

तुझ्या मामांच्या परड्यात काजू असणारच. त्याच्या नावात 'ओक्किदेंताले' असे विशेषण आहे, पश्चिमेकडचा असा त्याचा अर्थ. हे दुसऱ्या कुळातले विशेषण; याला तीन नाही, दोनच शेवट असतात, पुरुष-स्त्रीला मिळून एक आणि नपुंसकाला एक. उद्या काजूजवळून जाशील तेव्हा मनात त्याचा शेवट तपासून पाहा. मी इथे बसून तुला गृहपाठ देते आहे, हे तुला आवडणार नाही. तरी देते.

आता पाट्या. कॉलेजच्या बागेसाठी आणि आरेतल्या आपल्या वाफ्यांसाठी साठ पत्रे रंगवून हवे होते, आणि ते काम तुझ्या बाबांकडे द्यावे असे मीच सुचवले. तुझ्या बाबांनी, धोंडूकाकांनी, अठरा वर्षे गिरणीच्या छाप खात्यात काढली होती. कापडाच्या प्रत्येक ठाणावर आणि गाठीवर पत्र्याच्या साच्यातून मार्का उठवायचा, हे त्यांचे काम. संपानंतर गिरणी उघडली ती त्यांच्याशिवाय. मग दिंडोशीच्या तुमच्या खोलीबाहेर, त्या अरुंद गॅलरीत, त्यांनी रंगाचे डबे मांडले आणि दुकानांच्या पाट्या सुरू केल्या. मी नावांची यादी घेऊन आले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. रोमन अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, पण आकार बरोबर दिसत होते, आणि तोच प्रश्न त्यांनीही विचारला: "बाईनू, ह्या एकाच शब्दाक तीन शेपट्यो कित्याक? एकच साचो फिरवलो तर पत्रो वाचतलो." मी तोंड उघडायच्या आत तू जमिनीवर बसूनच उत्तर दिलेस. "बाबा, पांढरो बैल, पांढरी गाय, पांढरां वासरू. आता 'पांढरो गाय' म्हणशात?" ते म्हणाले, "मी कित्याक म्हणान? मी काय येडो आसंय?" त्यानंतर त्यांनी जे केले ते मी जन्मभर विसरणार नाही. पत्रा कापायची कात्री उचलून ते म्हणाले, "मगे तसा सांगा ना. गाठीवर मार्को तोच, नुसतो नंबर बदलता." सामाईक अक्षरांचा एक साचा त्यांनी कापला, आणि तीन छोटे तुकडे वेगळे कापले, प्रत्येक शेवटाला एक. भिंतीवर तीन खिळे ठोकून त्या तीन शेपट्या टांगल्या. मोठा साचा पत्र्यावर धरायचा, नावाकडे बघून तू सांगशील ती शेपटी काढायची, जोडायची, ब्रश फिरवायचा.

सुगंधा, मूळ शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे लागतो, यावर व्याकरणकारांनी ग्रंथ लिहिले आहेत. तुझ्या बाबांची कात्री पहिल्याच फटक्यात, एकही अक्षर पुढे-मागे न होता, बरोबर त्या सांध्यावरून गेली. मी घरी येऊन माझ्या वहीत त्या साच्याचे चित्र काढले. गेल्या वर्षीपासून पहिल्या वर्षाच्या वर्गाला हा धडा मी त्या चित्रानेच शिकवते, आणि मुलांना तो एका तासात कळतो. पूर्वी चार तास लागत. ते चित्र कोणाचे आहे, हे मात्र मी वर्गात कधी सांगितले नाही. मी ते विसरत होते अशातला भाग नाही. सांगत नव्हते.

बैलाची पाटी आठवते? आरेच्या त्या युनिटमध्ये सगळ्या म्हशी, आणि चाऱ्याच्या गाडीसाठी ठेवलेला एकुलता एक खिलारी. गोठ्यावरचे सहदेव म्हणाले होते, "मॅडम, याला पाटी कशाला? त्याचं नाव त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसरा कोण विचारणार आहे यार इथे?" तरी आपण लावली. त्याने ती दुसऱ्याच दिवशी चाटून 'बोस'पर्यंत आणली, आणि सहदेवांनी तुला निरोप धाडला की बैलाला शेपटी एक पुरे, दुसरी त्याने खाल्ली. ती पाटी मी गेल्या महिन्यात पुन्हा लावून घेतली आहे, जरा उंचावर.

आता उच्चार, कारण माझे सगळे त्याच्याशी येऊन थांबते. खारफुटी पाहायला आपण बोरिवलीहून होडीने गोराईला गेलो होतो. धक्क्याजवळ जाळे विणत बसलेले पास्कूकाका, चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना मराठी होईपर्यंत चाळीस वर्षे त्या गाणारे, आपली नावांची घोकंपट्टी ऐकत होते. मी ऐटीत 'इंडिका, इंडिकम' म्हणत होते; माझ्या प्राध्यापकांनी मला तसेच शिकवले होते, आणि त्यांना त्यांच्या साहेबांनी. म्हातारबुवांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, दात हाय ना तोंडान? मग जीभ लावा ना त्यांना!" तुम्ही सगळ्या खो-खो हसलात. पण त्या एका वाक्यात उच्चाराचा निम्मा धडा होता. लॅटिनमधले 'त' आणि 'द' दातांवरचे आहेत, आपल्या ताटातल्या त सारखे, दारातल्या द सारखे. इंग्रजाची जीभ दातांपर्यंत न पोचता हिरडीवर थांबते, आपल्या कानाला तो आवाज ट-ड सारखा वाटतो, आणि त्याची नक्कल करताना आपण आपला शुद्ध द टाकून ड उचलतो. म्हणजे बरोबर उच्चार आपल्या तोंडात जन्मापासून असताना, दुसऱ्याच्या तोंडातून फिरून आलेला चुकीचा उच्चार आपण शहाणपणाचा म्हणून वापरतो. हे मला शाळेतल्या, कॉलेजातल्या कोणी सांगितले नव्हते. मग मी दोन महिने दर रविवारी होडी पकडून गोराईला गेले आणि वहीत सगळे उतरवून आणले. काकांच्या चर्चच्या उच्चारात 'कि' आणि 'के' यांची 'चि' आणि 'चे' होतात, जुन्या रोमन उच्चारात होत नाहीत. ज्याने जी वाट धरली त्याने शेवटपर्यंत तीच धरावी, एवढाच नियम. आपल्या शब्दात त्या जागी का आणि कु येतात, म्हणून तिथे दोघेही एकच बोलतात.

उरलेला निम्मा धडा आघाताचा. तो मी तुला आरेच्या बसमध्ये शिकवला, आणि तू तो माझ्यापेक्षा चांगला मांडलास. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर. लघू असेल तर जोर एक घर मागे. इं-दि-का: 'दि' लघू, म्हणून जोर 'इं'वर. भाताच्या नावातले सा-ती-वा: 'ती' गुरू, म्हणून जोर तिथेच. शेवटचा का मात्र फार ओढायचा नाही, ओठांवरून सोडून द्यायचा. तू म्हणालीस, "मॅडम, हे तर आमच्या मराठीच्या सरांनी वृत्तं शिकवताना दिलेलं लघू-गुरूच आहे, फक्त शेवटाकडून मोजायचं." आणि मग आरेतल्या छोट्या काश्मीर बागेपासून थेट पवईच्या फाट्यापर्यंत, खिडकीतून दिसेल त्या झाडाचे नाव तुम्ही सगळ्या मोठमोठ्याने म्हणत होतात, द ला जीभ दातांवर आपटत. कंडक्टरने विचारले, "ताई, कोणता मंत्र आहे हा? पोटासाठी का?"

इथवर सोपी गोष्ट संपली. मधे थोडी बातमी देते, कारण पुढचे लिहायला मला हात सैल करायला हवेत. तुझ्या वाफ्यात यंदा ज्युनिअरच्या मुलींनी तीळ पेरला, जूनअखेरीस. परवा फुले आली, फिकट जांभळी. पाटी जुनीच आहे. तिसऱ्या शेपटीची, तुझ्या बाबांच्या हातची. मुली वाफ्यापाशी उभ्या राहून नाव म्हणतात. पाचपैकी तिघींची जीभ दाताला लागते, दोघींची लागत नाही. त्या माझ्याकडे बघतात आणि मी काय म्हणते ते म्हणतात. मुली आपल्या तोंडाकडे किती बारकाईने बघत असतात, हे मला एप्रिलनंतर कळू लागले.

अवघड गोष्ट. तोंडी परीक्षेची आपल्याकडे एक पद्धत आहे, तुला माहीत आहे: उमेदवाराने जमा केलेल्या वनस्पतींची यादी अंतर्गत परीक्षकाने बाहेरच्या परीक्षकांना मोठ्याने वाचून दाखवायची, उमेदवारासमोर. एप्रिलमध्ये तुझी यादी मी वाचली. पंचवीस नावे. मी 'इंडिका' म्हणाले, 'इंडिकम' म्हणाले. तू मान वर करून माझ्याकडे पाहिलेस. फक्त एकदा, आणि लगेच खाली पाहिलेस. तुला वाटले असेल, माझी जीभ चुकून घसरली. ती घसरली नव्हती. बाहेरचे परीक्षक तसेच बोलतात हे मला ठाऊक होते, आणि माझ्या प्रबंधावर अभिप्राय द्यायचा होता तो त्यांनीच. मी गोराईची वही घरी ठेवून आले होते, असे म्हण. मग त्यांनी तुला तिळाबद्दल विचारले, शेवट असा का. तू सरळ बसून उत्तर दिलेस. द ला जीभ दातांवर लावून, जोर बरोबर जागी देऊन, पांढरा-पांढरी-पांढरे सांगून, वर म्हणालीस, "सर, आमच्या बाबांनी याचा साचाच दोन भागात कापलाय." इतके पूर्ण उत्तर मी त्या टेबलावर कधी ऐकले नाही. सरांनी भुवया उंचावल्या. "अच्छा! बाबा लॅटिनचे प्राध्यापक का?" आणि ते हसून माझ्याकडे वळले.

मी काय उत्तर दिले ते तुला पाठ असेल. ते तुझ्या बाबांना माहीत नव्हते. तू त्यांना सांगितले नव्हतेस, फक्त 'पेपर जमला नाही' म्हणालीस, हे मला गेल्या रविवारी दिंडोशीला गेले तेव्हा कळले. त्यांना तर वाटत होते की मुलगी अभ्यासात कमी पडली, आणि ते तुझ्यावर रुसून होते. म्हणून मी तिथेच, गॅलरीत त्यांच्या डब्यांशेजारी उभी राहून, ते वाक्य जसेच्या तसे त्यांना म्हणून दाखवले. त्यांनी हातातला ब्रश घासलेटमध्ये बुडवला आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाईनू, पाटी चुकली तर आमी ती खरवडतंव, परत रंगवतंव. रंगवूक येता. पण खरवडल्याचो ओरखडो पत्र्यार रवता." आणि कामाला लागले. तुमच्या घरातून मी त्या दिवशी प्रथमच चहा न घेता निघाले. जिन्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली, "तिका सांगा, मी रागावलेलो नाय." तो निरोप तुला पोचवण्याचे काम त्यांनी माझ्यावर टाकले. मी ते करते आहे.

तर ते वाक्य. सरांनी विचारले, बाबा प्राध्यापक का, आणि मी हसले, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्याने, आणि म्हणाले: "नाही हो सर, पाट्या रंगवतात दिंडोशीत. उच्चारही तिथलाच आहे." तू उठलीस, खुर्ची आत सरकवलीस आणि गेलीस. उच्चार दिंडोशीचा नव्हता, गोराईचा होता; आणि तुला तो मी शिकवला होता, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होते. हे पत्र मी क्षमेसाठी लिहिलेले नाही. क्षमा मागितली की तुझ्याच अंगावर आणखी एक काम पडते. लिहिले आहे ते यासाठी, की त्या टेबलावरची चूक कोणाची होती हे तुझ्याजवळ माझ्या अक्षरात, माझ्या सहीने असावे. हेच सगळे दोन पानांवर लिहून मी प्राचार्यांकडे दिले आहे आणि एक प्रत सरांना पाठवली आहे. प्रबंधाचे काय व्हायचे ते होवो. साच्याचे चित्र कोणाचे, तेही गुरुवारी वर्गात सांगितले. ऑक्टोबरला बाहेरून तेच सर येणार आहेत, हे मी लपवत नाही. मला या कामातून मोकळे करण्याची तयारी प्राचार्यांनी दाखवली; मी नको म्हणाले. तुझी यादी मीच वाचणार. पण माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असे आता माझ्याजवळ काही नाही, म्हणून तुला एक साधी चाचणी देते. आरसा घे आणि उजेडात उभी राहा. 'डबा' म्हण: जिभेचे टोक वर टाळूकडे वळते. 'दही' म्हण: टोक पुढे येऊन वरच्या दातांना टेकते, आणि टेकताना दिसते. दहा वेळा करून पाहा, म्हणजे समोरच्या माणसाच्या तोंडातही ते ओळखता येईल. ऑक्टोबरमध्ये माझ्या बरोबर समोर बस. तिळाचे नाव तुझ्या यादीत अठरावे आहे. मी ते वाचायला लागले की कान मिटून घे आणि नुसती माझ्या तोंडाकडे बघ. जीभ दातांना टेकली, तर बस आणि उत्तर दे. नाही टेकली, तर ऊठ, खुर्ची आत सरकव आणि एप्रिलमध्ये गेलीस तशीच जा.

तुझीच,
रत्नप्रभा